चार ओहमच्या जागी आठ ओहम: ऑर्केस्ट्रावाल्या काकांच्या गिटार ॲम्पला स्पीकर शोधला त्याचं प्रकरण

ॲम्प ४० वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला, १२ इंची एकच स्पीकर आणि मागची बाजू अर्धी उघडी, म्हणजे ओपन बॅक कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात). मालक नाशिक रोडचे एक काका, साठी ओलांडलेले, रिटायर झाल्यापासून पूर्णवेळ ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. लग्नसराईत औरंगाबाद रोडच्या नाहीतर गंगापूर रोडच्या लॉन्सवर संगीत-रिसेप्शनचे कार्यक्रम, गणपतीत कॉलन्यांमधले, आणि कधीतरी कालिदास नाट्यगृहाला. वाजवायचं काय तर जुनी हिंदी-मराठी गाणी, म्हणजे जवळजवळ सगळं क्लीन (आवाज न फाडता), कॉर्ड आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून), मध्येच एखादा सोलो आला की पेडलवरचं डिस्टॉर्शन, तेवढंच. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचा सगळा निर्णय यावरच फिरला. स्पीकर निवडायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो "बेस्ट कुठला", आणि तिथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते.

बिघाड असा झाला की एका कार्यक्रमात ऑक्टोपॅडची (म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमची) लाइन ऐनवेळी मिक्सरवर येईना, म्हणून कोणीतरी शहाण्याने ती सरळ काकांच्या ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटात खोचली. दोन गाणी झाली, तिसऱ्याला किकबरोबर फट्-फट् असा आवाज यायला लागला आणि मग गिटार वाजवली तरी खालच्या तारांना तीच फरफर. काकांना वाटलं ॲम्प गेला. वॅट जास्त झाले म्हणून स्पीकर उडाला असं बाकीच्यांचं मत. दोन्ही खरं नव्हतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ८२ हर्ट्झ, आणि गिटारचे स्पीकर बनवलेले असतात ते तिथपासून वर पाचेक हजार हर्ट्झपर्यंतचं काम करायला. ऑक्टोपॅडची किक त्याच्याही खाली, पन्नास-साठच्या घरात दणका देते. बंद डब्यात मागची हवा कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याला, थोडी तरी धरून ठेवते, ओपन बॅकमध्ये ते पण नाही, त्यामुळे कोन एवढा आत-बाहेर पळतो की त्याला चिकटलेली तारेची कॉइल मॅग्नेटच्या फटीतून निघून वाकडी बसते नाहीतर मागच्या प्लेटवर आपटते. वॅटची मर्यादा ओलांडलीच नव्हती, स्पीकर तरी मेला. गिटार ॲम्पात ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेस लावू नका असं सगळे सांगतात, का ते कोणी सांगत नाही, तर ते हे असं आहे.

तपासणी सोपी होती. ॲम्प बंद, स्पीकरच्या दोन्ही वायरी काढल्या, मल्टिमीटर ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप). आकडा आला ३.४, म्हणजे कॉइल तुटलेली नाही आणि स्पीकर ४ ओहमचा. (मीटर जे दाखवतं तो डीसी रेझिस्टन्स, तो छापील ओहमपेक्षा नेहमी थोडा कमीच येतो. आठवाला साधारण सहा ते सात दाखवतो, सोळावाला बारा-तेरा. मीटरवर ६.५ आलं म्हणून "माझा स्पीकर साडेसहा ओहमचा आहे" असं समजून बाजारात फिरणारे लोक मी पाहिलेत.) मग स्पीकर आडवा ठेवून डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या गोल टोपीच्या) दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कोन अगदी हलका, सरळ खाली दाबला. चांगल्या स्पीकरचा कोन गुपचूप खाली जातो आणि वर येतो. इथे खर्र-खर्र, बोटांना पण जाणवावी अशी घासण, आणि एका बाजूला कडेच्या घड्यांजवळ नखाएवढी चीर. संपलं प्रकरण.

पण नवीन स्पीकर लावायच्या आधी अजून एक काम करायचं असतं जे बहुतेक जण गाळतात. ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर स्पीकरच्या टोकांवर सरळ डीसी व्होल्टेज येतं आणि कॉइल जळून जाते, मग तुम्ही दहा हजारांचा स्पीकर लावा नाहीतर पन्नास हजारांचा. म्हणून स्पीकर काढलेल्या अवस्थेत ॲम्प चालू करून आउटपुटच्या वायरींवर मीटर डीसी व्होल्टला लावायचं. पंधरा-वीस मिलिव्होल्ट आले, पन्नासच्या आत असलं की निवांत. हे फक्त ट्रान्झिस्टरवाल्यांनी करायचं हं. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. नंतर ऑर्केस्ट्राच्या सामानातला एक ८ ओहमचा धडधाकट स्पीकर उसना घेऊन या ॲम्पला लावून पाहिला, फरफर गायब. म्हणजे ॲम्प ठणठणीत, आजार फक्त स्पीकरचा.

इथून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला.

पहिला सल्ला रिकोनचा, म्हणजे जुन्याच स्पीकरला नवा कोन आणि कॉइल. आपल्याकडे डीजे आणि मंडपवाल्यांच्या जिवावर स्पीकर दुरुस्तीची दुकानं भरपूर चालतात आणि त्यांचं हात-कसब खरंच बघण्यासारखं असतं. जुना कोन ब्लेडने कापून काढायचा, फट चिकटपट्टीने साफ करायची (लोखंडाचा एक कण राहिला तरी कॉइल घासते), नवीन कॉइल बसवताना तिच्या आणि मधल्या गोल खांबाच्या मध्ये जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या म्हणजे ती बरोब्बर मध्यावर येते, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी घड्यांची चकती) चिकटवायचा, कोन चिकटवायचा, सुकू द्यायचं, पट्ट्या ओढून काढायच्या आणि वर डस्ट कॅप. खर्च नव्या स्पीकरच्या मानाने किरकोळ. दुकानवाला काकांना म्हणाला, "काका, सोडून जा, परवा घेऊन जा, नवा करून देतो." अडचण त्याच्या हातात नव्हती, मालात होती. त्याच्याकडचे कोन पीएच्या, म्हणजे सभा-मंडपाच्या स्पीकरचे, जाड, जड, कडेला कापडी घडी. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ कागदाचा असतो, कडेच्या घड्या पण त्याच कागदाच्या असतात आणि आवाजाचा स्वभाव जवळजवळ सगळा तिथेच असतो, मॅग्नेट आणि फ्रेम तेवढं नाही. म्हणजे रिकोन केलेला स्पीकर जुनाच राहत नाही, तो एक नवीनच स्पीकर होतो ज्याचा आवाज कसा येईल ते लावल्यावरच कळणार. घरच्या प्रॅक्टिस ॲम्पला मी हे डोळे झाकून करीन. कार्यक्रमाच्या ॲम्पला नाही.

दुसरा सल्ला, पीएचा १२ इंची घाल, अहुजाचा मिळतो, मजबूत असतो. मजबूत असतो यात वादच नाही, भाषण आणि भजनाला त्याला तोड नाही. पण पीएचा वूफर वरचं काम हॉर्नवर सोडून देतो, त्यामुळे एकटा लावला की गिटारचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ज्याला मध्ये छोटा दुसरा कोन असतो तो वर जातो, पण मग डिस्टॉर्शन पेडल लावलं की माशी घोंगावावी तशी चिरचिर ऐकू येते, कारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं जे गिटार स्पीकर मुळात ऐकवतच नाही ते हा इमानदारीत सगळं ऐकवतो. डिस्टॉर्शनच्या बाबतीत गिटार स्पीकरचं "न ऐकवणं" हेच त्याचं अर्धं काम आहे.

तिसरा सल्ला काकांच्या भाच्याचा, कारचा वूफर लाव मामा, तो ४ ओहमचाच असतो. ओहम बरोबर जुळतात हो, बाकी काहीच जुळत नाही. जड कोन, रबरी कड, आणि एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज ८५ ते ९० डीबी (डेसिबल), म्हणजे गिटार स्पीकरपेक्षा बराच कमी. त्याला हलवायलाच ॲम्पचा जीव जाईल.

चौथा सल्ला नेटवरचा आणि तो सगळ्यांना सारखाच मिळतो: सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० घाल. यावर नंतर येतो.

आता खरी गाठ. कॉम्बो ४ ओहमचा आणि चांगले गिटार स्पीकर बहुतेक सगळे ८ नाहीतर १६ ओहमचे. ४ चे असतात, जेन्सनच्या काही मालिकांमध्ये मिळतात, पण निवड फारच थोडी आणि आपल्या बाजारात तर विचारायलाच नको. मग कंपन्या ट्रान्झिस्टर कॉम्बोत ४ ओहम का घालतात? कारण ट्रान्झिस्टर ॲम्प व्होल्टेज ठरावीक देतो, ओहम कमी तेवढा करंट जास्त आणि वॅट जास्त. त्याच ॲम्पला ४ ओहमवर ४० वॅट म्हणून छापता येतं, ८ ओहम लावला तर गणिताने २० होतात, प्रत्यक्षात पॉवर सप्लायवरचा ताण कमी झाल्यामुळे थोडे जास्त, बावीस-पंचवीस धरा. काकांनी हे ऐकल्यावर तोंड पाडलं. "अरे म्हणजे निम्मा ॲम्प गेला की माझा."

निम्मे वॅट गेले, निम्मा आवाज नाही. वॅट निम्मे झाले की आवाज ३ डीबीने उतरतो, जो कानाला कळतो पण "जरासा कमी झाला" एवढाच. ऐकताना आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी कमी व्हावे लागतात, म्हणजे वॅट एक दशांश. आणि सुरक्षेचं म्हणाल तर ट्रान्झिस्टर ॲम्पला जास्त ओहम चालतात, कमी चालत नाहीत. ४ लिहिलेल्या ॲम्पला ८ किंवा १६ लावा, फक्त हळू वाजेल. २ लावलात तर करंट वाढून ट्रान्झिस्टर तापतील, उडतील. ट्यूब ॲम्पची गोष्ट वेगळी, तिथे ट्रान्सफॉर्मरच्या टॅपशी जुळवूनच लावायचं, तो नियम इकडे आणि इकडचा तिकडे नेऊ नका.

एक जण म्हणाला ८ च्या स्पीकरला समांतर ८ ओहमचा मोठा रेझिस्टर टाका, मिळून ४ होतील आणि ॲम्प पूर्ण ४० वॅट देईल. देईल की, त्यातले वीस रेझिस्टर गरम करण्यात जातील. स्पीकरला मिळतात तेवढेच मिळणार, वर ॲम्प जास्त तापणार. असले जुगाड ऐकायला हुशार वाटतात.

खरा उपाय वॅटमध्ये नाहीच, सेन्सिटिव्हिटीमध्ये आहे, आणि मला या प्रकरणातून सांगायचंय ते हेच. स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डीबी. गिटार स्पीकरमध्ये तो साधारण ९५ पासून १०२ पर्यंत हलतो आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, वॅट बघतात. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करेल, किती मोठ्याने वाजेल ते नाही. ८० वॅटचा स्पीकर ५० वाल्यापेक्षा मोठा वाजतो हा गैरसमज इथल्या मेन रोडपासून मुंबईच्या धोबी तलावपर्यंत सगळीकडे विकला जातो. ९७ आणि १०२ मध्ये ५ डीबीचा फरक आहे, म्हणजे ९७ वाल्याला तेवढाच आवाज काढायला तिप्पटीहून जास्त वॅट द्यावे लागतात. २० वॅटचा ॲम्प १०२ च्या स्पीकरवर लावला की तो ९७ च्या स्पीकरवरच्या साठ वॅटसारखा वाजतो. ओहममध्ये गेलेले ३ डीबी भरून निघतात आणि वर शिल्लक राहते. आणि लॉन्सवर ही शिल्लक लागते, तिथे ना भिंती ना छत, आवाज परत कुठून येतच नाही, अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डीबी गेलेच म्हणून समजा.

(४ ओहमच्या स्पीकरचा कागद बघताना सावध राहा. काही जण १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमवर ते बरोबर १ वॅट होतं, ४ ओहमवर २ वॅट, म्हणजे फुकटचे ३ डीबी वाढवून छापलेले.)

आता उमेदवार. व्हिंटेज ३०, सेलेस्टियनने १९८६ मध्ये काढला, ६० वॅट, १०० डीबी. कागदावर मस्त. नावातल्या ३० मुळे लोक तो ३० वॅटचा समजतात ते सोडा. पण त्याचा अप्पर मिड पुढे आलेला, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास तो अंगावर येतो, आणि रॉकमध्ये डिस्टॉर्शनवर तेच सगळ्यांना हवं असतं, दोन गिटार आणि ड्रमच्या गर्दीतून वाट काढायला. काकांच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईंचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात चमकतो. क्लीन कॉर्ड तिथे टोचायला लागले की साउंडवाला गिटार खाली ओढणार आणि मग पैसे घालून काय मिळवलं? शिवाय वजन ४.७ किलो, कॉम्बोचा बोर्ड भुश्शाचा. बाद.

सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक, जी १२ एम, आवाज गोड पण २५ वॅट आणि ९८ डीबी. ॲम्प आता ८ ओहमवर २०-२५ वॅट देणार म्हणजे जुळलं असं वाटतं, पण ॲम्प फाटेपर्यंत चढवला की लाट चौकोनी होते आणि छापलेल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पॉवर निघू शकते. एकट्या स्पीकरला दुप्पटीची जागा ठेवायची असा माझा हिशोब. बाद.

क्रीमबॅक जी १२ एम ६५, म्हणजे त्याच घराण्यातला ६५ वॅट सोसणारा. आवाज मला वैयक्तिक सगळ्यात आवडतो, पण ९७ डीबी. चाळीस वॅट पूर्ण मिळत असते तर हाच घेतला असता. इथे आधीच ३ डीबीचा खड्डा.

सेव्हंटी ८०, ८० वॅट, ९८ डीबी, खूप कॉम्बोंमध्ये मुळातच येतो त्यामुळे काढून ठेवलेला, जवळजवळ नवा, स्वस्तात मिळतो. नेटवर त्याला शिव्या पडतात, थोडा कोरडा आहे खरा, पण क्लीनला अगदी टाकाऊ नाही. हा राखीव ठेवला, काहीच नाही मिळालं तर.

आणि एमिनेन्सचा कॅनाबिस रेक्स. एमिनेन्स ही अमेरिकेतली कंपनी, केंटकीतल्या त्याच नावाच्या गावातली, १९६६ पासूनची. स्पीकर ५० वॅटचा, डीबी १०२ च्या आसपास, कोन हेम्पच्या म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या धाग्याचा. काकूंनी नाव ऐकलं आणि "या वयात आता हे काय नवीन" म्हणाल्या. त्या कोनमुळे वरची पट्टी मऊ येते, काचेसारखी टोचत नाही, खाली भरलेला. रॉकवाले पोरं त्याला "फार गुळगुळीत" म्हणून विकून टाकतात. आम्हाला गुळगुळीतच पाहिजे होतं.

नवा मागवायचा तर परदेशातून, पाठवणी आणि ड्युटी धरून काकांच्या कॉम्बोच्या किमतीला जाऊन भिडत होता, आणि कॉम्बोपेक्षा महाग स्पीकर घालणं मला पटत नाही, त्या पैशात माणसाने अख्खा ॲम्पच बदलावा. पुण्यात एकाकडे वापरलेला सापडला, ८ ओहमचाच (१६ चा पण येतो, तो घेतला असता तर वॅट अजून निम्मे, म्हणून मागचं लेबल नीट वाचून घ्या). घ्यायच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टींचा व्हिडिओ मागितला: मीटर लावून ओहम, कोन दाबून दाखव आणि मोबाईल कोनजवळ धर, आणि टोन जनरेटरच्या ॲपमधून ८० पासून ४०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढता सूर हलक्या आवाजात वाजव. कॉइल जराशी जरी घासत असेल, कुठे डिंक सुटला असेल, तर या सुरात ती बरोबर एका जागी कुरकुरते. गाणं वाजवून दाखवलं तर काही कळत नाही, गाण्यात सगळं झाकलं जातं. विकणारा सरळ होता, सगळं केलं. कुरियरने मागवला नाही, आपटला तर फेराइटचं मॅग्नेट तडकतं किंवा सरकतं आणि कॉइल कायमची अडकते. भाचा पुण्याहून येणारच होता, त्याने नारायणगाव-संगमनेर-सिन्नर मार्गे मांडीवर म्हणावं तसा आणला. कार वूफरचा सल्ला दिल्याची भरपाई झाली.

बसवताना दोन गोष्टी अडल्या. एक म्हणजे खोली. नव्याचं मॅग्नेट जुन्यापेक्षा जाड, आणि वर चेसिसमधून पॉवर ट्रान्सफॉर्मर खाली लटकतोय. पुठ्ठ्याचा तुकडा मापाने कापून आधीच आत धरून पाहिला होता, बोटभर जागा राहिली. हे माप विकत घ्यायच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. १२ इंचीच्या स्क्रूच्या भोकांचं वर्तुळ बहुतेक सगळ्यांचं २९७ मिलिमीटरच्या आसपास असतं त्यामुळे तिकडे फार त्रास नसतो.

दुसरी अडचण बोर्ड. जुना स्पीकर साध्या लाकडी स्क्रूने भुश्शाच्या बोर्डात पिळलेला, काढताना दोन भोकं चक्क पीठ होऊन बाहेर आली. त्यात जड स्पीकर लटकवून टेम्पोने लॉन्स फिरवायचे म्हणजे एक दिवस तो आतल्या आत पडणार. रविवार कारंजावर हार्डवेअरच्या दुकानातून एम ५ चे टी-नट, बोल्ट आणि वॉशर आणले. ग्रिलचं कापड पुढून अलगद उचकटलं, भोकं थोडी मोठी केली, टी-नट पुढून ठोकले म्हणजे त्याचे दात बोर्डात रुतून बसतात, कापड परत ताणून लावलं आणि बोल्ट मागून. आवळताना समोरासमोरचे थोडे-थोडे आवळायचे, स्कूटरच्या चाकाचे नट आवळतो तसे. एकच बाजू पूर्ण पिळली तर पत्र्याची फ्रेम नकळत मुरगळते आणि चांगला स्पीकर तुमच्या हातून घासायला लागतो. गॅस्केट दबला, थांबायचं. नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टोकांना लावून कोन पुढे उडतो का बघितलं, उडाला, म्हणजे लाल टोक तेच प्लस. एकाच स्पीकरला उलटसुलट लागलं तरी फार बिघडत नाही, पण खूण करून ठेवली, का ते खाली येतं. चेसिसपासून स्पीकरपर्यंत जुनी केसासारखी वायर होती ती बदलून जाडसर घातली.

आवाज. पहिल्या दिवशी काकांचं तोंड परत पडलं, "चमक जास्त आहे रे." एक तर नवीन जागी बसलेला स्पीकर, दुसरं म्हणजे ट्रेबलचं बटण वर्षानुवर्षं सातवर ठेवायची सवय, कारण जुना स्पीकर वरचं काही द्यायचाच नाही. चारवर आणलं, बेस थोडा वाढवला, झालं. आणि घरी ऐकताना काका खुर्चीत, ॲम्प जमिनीवर, म्हणजे आवाज पोटऱ्यांना. गिटार स्पीकर वरची पट्टी सरळ रेषेत फेकतो, समोर बसलात तर वेगळा, बाजूला सरकलात तर वेगळा. ॲम्प स्टुलावर ठेवून जरा मागे कलवला तेव्हा खरा आवाज ऐकू आला. लोक स्पीकर बदलतात आणि ॲम्प तिथेच पायाशी, मग म्हणतात फरक पडला नाही.

मोबाईलच्या डीबी ॲपने जुना आणि नवा हळू आवाजात, तेच बटण, लूपरवर (वाजवलेलं तसंच परत वाजवणाऱ्या पेडलवर) तेच वाक्य, तेच अंतर ठेवून मोजून ठेवलं होतं. मोबाईलचा आकडा खरा धरायचा नसतो पण दोन आकड्यांतला फरक धरता येतो. ओहम दुप्पट होऊनसुद्धा नवा दोनेक डीबीने वरच होता. म्हणजे अर्धे वॅट देऊन आधीपेक्षा जास्त आवाज. काकांना डीबी-बिबी काही नको होतं, लॉन्सवर पहिल्या कार्यक्रमात व्हॉल्यूम नेहमीच्या जागेच्या मागे ठेवावा लागला तेव्हा त्यांना पटलं. क्लीन कॉर्ड गोल आणि भरलेले येतात, बाईंच्या आवाजावर चढत नाहीत. सोलोला मात्र पूर्वीची धार नाही, थोडा लोण्यासारखा सोलो वाजतो, हे मान्य करायला पाहिजे. काकांना चालतंय, एखाद्या रॉकवाल्याला नसतं चाललं. कालिदासला तसाही स्पीकरपुढे माइक लागतो, तिथे मोठा-लहान हा प्रश्नच नसतो, तिथे फक्त हाच स्वभाव पुढे जातो.

दुसऱ्या इनपुटला आता कायमची चिकटपट्टी मारलेली आहे.

जुनाही टाकला नाही. त्याच दुकानात कोन-कॉइल बदलायला दिलाय, ८ ओहमची कॉइल घाला असं सांगून, कारण काकांची पुढची फर्माईश आलीच: मोठ्या लॉन्सला अजून एक डबा पाहिजे. आणि इथे ८ ओहम घेतल्याचा फायदा निघतो. आधी आतलाच स्पीकर ४ चा होता, बाहेर काहीही समांतर जोडलं तर ॲम्प ४ च्या खाली जाणार, म्हणजे एक्स्टेन्शनला जागाच नव्हती. आता आत ८, बाहेरच्या डब्यात ८, समांतर मिळून ४, ॲम्प पूर्ण ४० वॅट देणार आणि हवा ढकलायला कोन दोन. मागच्या पॅनलवर एक जॅक बसवायचाय, साधा समांतर, प्लग घातल्यावर आतला स्पीकर तोडणारा स्विचवाला नको. केबल स्पीकरचीच, गिटारची शील्डवाली नाही. आणि दोन्हीचे कोन एकाच वेळी पुढे यायला पाहिजेत, नाहीतर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खालचा आवाज पातळ होतो, त्यासाठीच ती बॅटरीवाली खूण. डब्याला मी मरीन प्लाय सांगितलाय, १८ मिलिमीटर, मागून अर्धा उघडा. काका म्हणतात घरात पडलेलं जुनं टीव्हीचं टेबल कापू. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.